बाहीचं माप

वालपराइसोच्या चढावरल्या दुकानात
एरास्मो शिंप्यानं पृथ्वीच्या गोळ्याला टेप लावली.
सान्तियागो ते ऑकलंड:
पावणेतेवीस सेंटीमीटर.
भिंतीवरच्या नकाशात ती सरळ आडवी गेली असती,
गोळ्यावर घसरली खाली,
बर्फाच्या कडेकडेनं.

मिरेया फोनवर म्हणाली, अकरा तास, बाबा.
रविवारी संध्याकाळी इथून निघायचं
आणि त्याच रविवारी दुपारी तिथे उतरायचं.
हे त्याला पटलं नाही, पण आवडलं.
आणि परत जाताना?
जाताना एक अख्खा दिवस जातो.
कुठे?
तिकडे पोर रडायला लागलं, फोन राहिला.

कापड बेतताना थोडं वाया जातंच,
कात्रीखालून पडतं,
संध्याकाळी झाडून घ्यायचं. तसं असेल.

न पाहिलेल्या नातवाचा लोकरी कोट.
बाही आधी पावणेतेवीसच धरली,
अंतर जेवढं तेवढी.
मग आठवलं, तिकिटं जुलैची आहेत.
आज मार्च.
विमान येईल निघायच्या आधी,
पण हात काही थांबणार नाहीत
वाढायचे.

मनगटापाशी त्यानं
तीन बोटं माया ठेवली,
आत दुमडून,
कच्च्या दोऱ्यानं.