डब्यातले नऊ तारे

गुरुवारी रात्री शेवटचा खेळ सुटला
की मी शिडी घेऊन बाहेर येतो.
ग्रिम्सबीच्या वाऱ्याला माशांचा वास असतो
आणि खोड असते शिडी हलवून बघायची.
मिस्टर थर्कल एका हाताने शिडी धरतात,
दुसऱ्यात पेपरांची कात्रणं.
"ऐक, कोण काय म्हणतंय."

ऐकतो.
भुताच्या सिनेमाला लंडनच्या एकाने पाच तारे दिलेत,
म्हणतो, तीन रात्री दिवा लावून झोपलो.
लीड्सच्या बाईंनी एक.
त्यांना भुतापेक्षा त्या घरातल्या पडद्यांची भीती वाटली.
प्रेमाच्या सिनेमाला कोणी म्हणतं ताजी झुळूक,
आणि कोणी… त्याने लिहिलंय काही निराळंच,
पण माझ्यापर्यंत येईतो त्याचं होतं
शिळ्या कढीला ऊत.
मग तो युद्धाचा, तीन तास दहा मिनिटांचा:
एकाला महाकाव्य दिसलं,
दुसऱ्याला नुसता चिखल,
तिसऱ्याने त्या चिखलाचंच पानभर कौतुक केलंय.

पाचामुखी परमेश्वर, आमचे आप्पा म्हणायचे.
इथे पाच मुखं, पाच परमेश्वर,
आणि डब्यात तारे एकूण नऊ.
पिवळ्या प्लास्टिकचे, एकाचं टोक उडालेलं.
दहावा होता म्हणे; तो समुद्रात गेला.

मिस्टर थर्कलचा नियम सोपा:
"अफाट कंटाळवाणा" मधला "अफाट" घ्यायचा.
अवतरणचिन्हं मात्र
प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंना लावायची.
अक्षरं ते सांगतात.
तारे कुणाला किती, ते मी ठरवतो,
कारण वर मी असतो.

इचलकरंजीत मी कापड तपासायचो.
उजेडावर ताणून धरायचं,
गाठ दिसली की खडूची खूण.
तिथे दोन मतं नव्हती. गाठ ती गाठ.
मालकालाही दिसायची, विणणाऱ्यालाही.

शलाका नाइट ड्युटी करून आली
ती थेट भुताच्या सिनेमाला बसली
आणि हसली, मोठ्यांदा, एकटीच.
"रक्त इतका वेळ लाल राहत नाही रे."
प्रेमाच्या सिनेमात दहाव्या मिनिटाला तिला झोप लागली,
पण झोपेतही माझा हात सोडला नाही
नावांची यादी संपेपर्यंत.
आता याला किती द्यायचे?

युद्धाच्या खेळाला सातव्या रांगेत
एक म्हातारे गृहस्थ, मिस्टर ऑस्करबी.
दिवे लागले, मी झाडू घेऊन आलो,
तरी बसलेलेच.
म्हणाले, "त्या घोड्याचं काय झालं?"
कुठला घोडा?
तोवर मी तो सिनेमा अकरा वेळा पाहिला होता.
कात्रणं घरी नेली, शब्दकोश घेऊन बसलो.
कॅमेरा होता, संगीत होतं, चिखल तर होताच,
घोडा कुणीच पाहिला नव्हता.

बाराव्या वेळी दिसला.
मागे कुंपणाला बांधलेला, तपकिरी,
शेपटीने माश्या वारणारा.
पुढे दोन माणसं मोठमोठं काही बोलत होती.
पुढच्या दृश्यात कुंपण होतं,
दोरी होती.

त्या गुरुवारी मी भुताला तीन लावले,
प्रेमाला दोन,
युद्धाला चार.
"चार कशाबद्दल?" मिस्टर थर्कलनी खालून विचारलं.
वारा होता. ऐकू आलं नाही असं केलं.

सकाळी युद्धाचे तीनच होते.
गटारात पाहिलं, बस स्टॉपच्या छपरावर पाहिलं.
सापडला तो समोरच्या मासेवाल्याकडे,
काचेआड, बर्फावर, हॅडॉकच्या डोक्याशी
नीट टेकवून ठेवलेला. तोच, टोक उडालेला.
परत मागावासा वाटला नाही.
दोन तुकडे तळून घेतले,
उभ्याउभ्याच खाल्ले, कागदातून.

मीठ जरा जास्त.
शेवटाकडे थोडा रेंगाळतो.
पण एकदा घ्यायला हरकत नाही.