चंदेरी बाजू आत

शाळेच्या मागल्या दारी मी हौद भरून ठेवते.
सोमवारी पोरं येतात, हातात पिशव्या,
पिशव्यांत दुधाची रिकामी खोकी;
वास आधी येतो, पोरं नंतर.

रिकामी आपली म्हणायची.
एक घोट प्रत्येकात असतोच,
आंबलेला, तळाच्या कोपऱ्यात दबा धरून.
तीन पाण्यांतून काढावी लागतात.
पहिल्या पाण्यात हात घालायला इव्होनेते तयार नसते,
म्हणते, मग मला जेवण जात नाही.
तर पहिलं पाणी माझं.

ब्राझील म्हटलं की पाहुण्यांना ऊन आठवतं.
त्यांनी वाकारियाला जूनमध्ये यावं,
सफरचंदांची झाडं नुसती काटक्या झालेली असतात
आणि माळावरून मिनुआनो सुटतो.
ओढ्याकाठच्या वस्तीत घरं फळ्यांची,
दोन फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट.
वारा तिथून शीळ घालत आत शिरतो
आणि चुलीपाशी जागा मागतो.

ओतासिलियो निवृत्त झाले तेव्हा डेअरीनं त्यांना घड्याळ दिलं.
एकतीस वर्षं खोकी भरायच्या यंत्रावर होते.
आम्ही कात्र्या घेऊन बसलो होतो,
जमेल तशी फाडत होतो.
ते दारातून बघत राहिले.
मग आत आले, एक खोकं उचललं,
कानामागची घडी नखानं सोडवली,
शिवणीवरून अंगठा फिरवला,
आणि खोकं त्यांच्या तळहातावर आडवं झालं
झोपेतल्या बाळाची मूठ सुटावी तसं.
"जन्मभर मिटत आलो," म्हणाले,
"कुठून उघडतं ते मला नाही तर कुणाला ठाऊक?"
त्या दिवसापासून कात्री फक्त इव्होनेतेकडे,
दोऱ्यासाठी.

चार आडवी, आठ उभी: बत्तीस खोक्यांची एक चादर.
मशीन जुनं, सुई तापते,
दर दोन चादरींमागे एक मोडते.
सुयांचे पैसे मुख्याध्यापक बाई देतात.
नवऱ्याला सांगत नाहीत.

शनिवारी जांदीराच्या घरी गेलो.
नियम एकच: चंदेरी बाजू आत, छापील बाजू फळीकडे,
म्हणजे ऊब भिंतीला लागून खोलीतच परत फिरते.
तिची तायनारा, सहा वर्षांची, खाटेवर उभी राहून बघत होती.
चादरीवर गाई, खोक्यागणिक एक,
पिवळ्या गवतात, सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या.
"त्यांना भिंतीकडे तोंड करून का उभं केलंय?"
मी म्हटलं, त्या बाहेर बघतायत.
"बाहेर थंडी आहे."

ओतासिलियो शिडीवर होते, ओठांत चुका.
त्यांनी चुका काढून खिशात टाकल्या.
"माळावरच्या गाई गारठ्यात काय करतात, पाहिलंयस?
वाऱ्याकडे पाठ करतात."

पोरीनं विचार केला.
"मग ह्यांची पाठ कुठंय?"

खोक्यावर गाईची एकच बाजू छापतात.
एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ते खाली उतरले.
इव्होनेतेकडून कात्री मागून घेतली,
चार बाजूंची शिवण उसवली, फक्त एका खोक्याची,
ते उलटं केलं आणि पुन्हा शिवायला लावलं.
इव्होनेते कुरकुरली, हातानं शिवताना बोट टोचलं तिला.
पोरीच्या उशाशी आता एक गाय खोलीत बघते.
तेवढ्या वीतभर जागेतून ऊब जात असेल.
जावो.

संध्याकाळी जांदीरानं दिवा लावला.
भिंतीत आम्ही सगळे दिसलो, लांबुडके, पाण्यात दिसावेत तसे,
चेहरे कुणाचे कुणाला ओळखू येईनात.
छताजवळ एका खोक्याची पट्टी उलटी दुमडून राहिली होती,
तिच्यावर शिक्का: अमुक तारखेपूर्वी वापरा.
मार्चमधली तारीख.

भिंतीला कान लावला. शीळ नव्हती.
शेजारच्या घरात होती.
तिथल्या एका भिंतीला सहा चादरी लागतील,
आमच्याकडे दीड.
सोमवारी पुन्हा हौद भरायचा,
हाताचा वास तर अजून गेलाच नव्हता.