एकाला काही लागत नाही

बियाबानीतली शाळा, दुसरा मजला.
खाली पिठाची गिरणी, म्हणून मी जरा ओरडूनच शिकवते:
एक असेल तर काही लागत नाही.
दोन झाले की एस.

एकतीस मुलं. घरी कुणी माळवी बोलतं, कुणी हिंदी,
हुसैना बोहऱ्यांची गुजराती.
माझी मराठी मी डब्यात घालून आणते,
मधल्या सुट्टीपर्यंत उघडत नाही.

एस म्हणजे शेपूट, असं सांगितलं.
फळ्यावर एक मांजर काढलं, शेजारी आणखी दोन,
त्या दोघांच्या मागे वळणदार एस.
लवेशने विचारलं, पहिल्याला शेपूटच नाही का?
खरंच नव्हतं.
काढायचं राहिलं होतं.

बसला जन्मतःच एस, म्हणून अनेक बसना ईएस.
डॉगला लिहायचा एस, म्हणायचा झ.
इथवर सगळे माझ्यासोबत होते.
मग नियमात न बसणारे आले, एकामागून एक,
उशिरा येऊन पुढच्या बाकावर बसणाऱ्या पाहुण्यांसारखे:
माउस, माइस. चाइल्ड, चिल्ड्रन. फूट, फीट.
प्रांजुल म्हणाला, फूट्स.
चूक, मी म्हटलं.
त्याने वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.
दोन्ही जागेवर होते,
एक निळ्या मोज्यात, एक काळ्या.

शीप बदलत नाही, एक असो की कळप.
हे त्यांना काही केल्या पटेना.
मला पटलं. आमच्यात दगड तसा.
एक दगड, शंभर दगड;
किती ते ज्याला लागतात त्याने मोजायचं.

सुट्टीत डबा उघडला. पोहे.
झलक वाकून म्हणाली, मिस, पोहा लाई हो?
जन्मापासून ऐकते आहे.
सगळं शहर सकाळी सहापासून पोहा खातं,
एकवचनी, पुल्लिंगी,
वर शेव, वर जिरावण, बाजूला जिलबी.
माझी आई शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिली,
ठेलेवाल्याला, रिक्षावाल्याला, स्वतःच्या जावयाला:
पोहे. ते पोहे.
एका पोह्याने कुणाचं पोट भरलंय?

दुपारी वह्या.
हुसैनाने लिहिलं होतं, माय पापा आर कमिंग.
लाल पेन टेकवला आणि तिला बोलावलं.
पापा किती आहेत गं?
एक.
मग आर कशाला?
बडे हैं ना, ती म्हणाली,
जणू मलाच दुसरीत बसवायला हवं होतं.

आमच्याकडेही बाबा आले, बाबा बसले,
जेवले, रागावले, झोपले.
माणूस एक आणि सगळी क्रियापदं अनेकवचनी.
आई आली.
बसली नसावी.

आर खोडून इज लिहिलं.
मार्क कापला नाही. का ते हेडमिस विचारतील,
तेव्हा बघू.

शेवटच्या तासाला टूथ, टीथ चाललं होतं,
सगळे एका सुरात, आणि लवेश मध्येच गप्प.
खालचा पुढचा. सोमवारपासून हलत होता.
रक्त थेंबभर, आरडाओरडा तिशीचा.
त्याने स्वतः रडायचं ठरवलं होतं,
पण सगळे बघताहेत म्हटल्यावर विचार बदलला.
दात मी खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवला,
पांढऱ्या भुकटीत आणखी पांढरा.

हा टूथ?
हो.
आणि तोंडातले?
टीथ.

तो बराच वेळ जिभेने ती जागा चाचपत राहिला.
खाली गिरणी थांबली होती, वर्गात पहिल्यांदाच
पंख्याचा आवाज येत होता.
और ये जो खाली है, त्याने विचारलं,
इसमें एस लगेगा?

एकच आहे, मी म्हटलं.
शेजारचाही हलत होता.