पाठीमागच्या टाचण्या

सकाळी साडेनऊला शटर वर जातं
आणि पहिलं काम माझं,
काचेतल्या बाईला साडी नेसवायची.

बाई फायबरची, गुलाबी. नाकाचा टवका उडालाय.
कंबर म्हणजे दोन मुठींत मावेल एवढी खाच,
टाचा जन्मापासून उचललेल्या.
साडेपाच वारातलं निम्मं तिच्यावर उरतं.
उरलेलं मी पाठीमागं गोळा करते,
चुण्या घालते, टाचते.
एकवीस टाचण्या, कपडे वाळत घालायचे चार चिमटे,
आणि ब्लाऊज भरून यावा म्हणून कालचा पेपर,
डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड.

खडेबाजारातून जाणाऱ्या बायका समोरून बघतात.
येळ्ळूरच्या, खानापूरच्या,
गोकाकहून बस्ता बांधायला आलेल्या.
थांबतात. पोट आत घेतात.
काचेत पडलेलं आपलं सावट
तिच्या अंगावर बसवून बघतात.
बसत नाही.
कसं बसंल, बाई?
तुमच्या पाठीमागं टाचण्या घेऊन
कोण उभं असतंय?

आत गादीवर दर्शना.
पहिल्याच आठवड्यात मुतगेकर मालक म्हणाले होते,
वाईट बोलले नाहीत, चहा मागवून म्हणाले,
"खांद्यावर साड्या दर्शना दाखवंल.
तू घड्या घाल.
तुझ्या अंगावर अबोली उठत नाही गे."

उठत नाही.
अनगोळला घरी येऊन किती दिवस
मी तो शब्द घासत बसले.
बेसनानं, सायीनं,
मेडिकलमधल्या एकशे ऐंशीच्या ट्यूबनं.
कातडी सोलवटली.
खाली पुन्हा मीच होते.

मग घड्याच घातल्या, चार वर्षं.
काठाला काठ असा जुळवते
की मोडताना गिऱ्हाईक एकदा थबकतं.

परवा बैलहोंगलची एक अक्का आली.
तिकडच्या रानासारखी काळी,
माझ्याहून एक पायरी गडदच.
पुतण्याचं लगीन. हातात यादी.
दर्शनानं अबोली खांद्यावर टाकली,
मालकांनी मोठा लाइट लावला.
अक्का बघत राहिली.
मग तिचं बोट माझ्याकडं वळलं.
"आकी म्याल हाक्री."

मालक हसले, "अव्वा, हितं उजेडात बगा की."
"आकी म्याल," ती पुन्हा म्हणाली,
आणि मग मोडक्या मराठीत,
"नेसणार मी. ह्या पोरीवर बगून मी काय करू?"

मी उठले. घडी मोडली, माझीच.
अबोली खांद्यावर आली. गार होती, जरा जड.
मी मालकांकडं बघितलं, पंख्याकडं,
दारातल्या चपलांकडं.
अक्का माझ्याभोवती फिरली,
पाठीमागूनसुद्धा बघितलं तिनं.
चिमटीत पदर धरून म्हणाली,
"चंद ऐती."

मग किंमत विचारली.
मग घासाघीस.
मग चिंतामणी रंगाची, साडेचारशेनं स्वस्त, ती घेतली
आणि गेली रिक्षात बसून.

घरी सांगितलं तर आई म्हणाली,
"म्हणजे खपली नाहीच की."
नाहीच खपली.

रात्री काचेतल्या बाईच्या टाचण्या काढत होते.
दर्शना पाठीमागं येऊन उभी राहिली.
ती दुपारचा डबा उघडत नाही,
पदर टाकल्यावर पोट दिसतंय म्हणून.
मला वाटायचं भूकच नसेल तिला.
चिमटे डबीत टाकता टाकता तिनं विचारलं,
"परवा आरशात कशी दिसत होतीस?"

मी आठवून बघितलं.
चपला आठवल्या, पंखा आठवला,
अक्काच्या हातातलं हिरवं गोंदण.

"बघितलंच नाही गे," म्हटलं.

ती स्विचपाशी गेली.
"बंद करू लाइट?"
अबोली अजून गादीवर पडली होती,
घडी न घातलेली.

"थांब जरा."