न म्हणजे किती

पुनोच्या नर्सिंग कॉलेजात पहिला तास सातचा.
काचेवर आतल्या बाजूने हिमाची साय,
आणि फळ्यावर मी लिहिलेलं पहिलं अक्षर : न.
न म्हणजे नमुना. न म्हणजे किती जण मोजले.

पुस्तक समुद्रकाठच्या माणसांनी लिहिलंय.
त्यांच्या तक्त्यात हिमोग्लोबिन तेरा म्हणजे ठणठणीत.
इथे, ढगांच्या वर,
तेरावाली साटुर्निना जिना चढताना दोनदा बसते.
"बाई, मग मी नॉर्मल की आजारी?"
म्हटलं, आधी विचार, कुणाच्या शेजारी.

मग आम्ही आमचाच तक्ता केला.
एकेक बोट, एकेक थेंब.
सोळा पॉइंट दोन. सतरा. पंधरा पॉइंट नऊ.
फेलिसिआनो रक्त बघून मटकन खाली बसला,
तो एक नमुनाच,
आकडा मात्र निघाला रुबाबदार.
सरासरी आली सोळा पॉइंट सहा
आणि नेमकं तेवढं वर्गात कुणाचंच नव्हतं.
मुलं हसली.

विसावी ओळ रिकामी.
एलेउतेरिओ कोंडोरी. सोमवारपासून आलेला नाही.
भाऊ सांगत होता, वरच्या खाणीत गेलाय,
महिनाभर फुकट राबायचं
आणि शेवटच्या दिवशी पाठीवर मावेल तेवढा दगड आपला.
त्यात सोनं असलं तर असलं.
(हे संभाव्यतेच्या धड्यात येतं. तिथवर आम्ही पोचलो नाही.)

कुणीतरी त्या चौकोनात शून्य भरलं.
सरासरी अर्ध्याने उतरली,
न टोचता सगळ्यांचं थोडं थोडं रक्त गेलं.
मी खोडलं. शून्य म्हणजे मोजलं, आणि नव्हतं.
हे नुसतं माहीत नाही.
"मग सरासरीच भरूया?"
ते तर आणखी वाईट, साटुर्निना.
तो आपल्यासारखाच आहे
हे त्याला न विचारता आपण ठरवायचं.

आता तिथल्या विरळ हवेत
त्याचं रक्त दाट होत असेल,
एकोणीस, वीस, ओठ जांभळे.
आलेखावर उजव्या टोकाला, लांब, एकच ठिपका;
आणि मीच म्हणाले असते,
मोजण्यात चूक असेल, पुन्हा बघा.

घंटा झाली. फळा पुसला.
वहीत लिहून घ्या : न बरोबर तीस.
हजेरीपटात एकतीस नावं.
विसाव्यापुढे, रोजच्या सवयीने,
मी गैरहजेरीची खूण करायला गेले
आणि पेन तिथेच टेकून राहिलं,
शाईचा एक ठिपका होईस्तोवर.