चावी सोपवताना

तन्वीर, नकाशा ऑफिसात आहे,
कपाटावर, गुंडाळून ठेवलेला.
त्यात शहर सपाट आहे.
तो बघू नकोस.

सातारा बघायचा तर उभा बघ.
वर अजिंक्यतारा, डोक्यावर टीव्हीचा मनोरा,
कुशीला मंगळाई,
त्याखाली चार भिंती, संध्याकाळी वाऱ्याच्या नि जोडप्यांच्या ताब्यात,
मग घरं, एकमेकांच्या कौलांवर पाय देत उतरलेली
पार पोवई नाक्यापर्यंत.
लोक म्हणतात पेठा वारांवर बसवल्यात,
शनिवार, सोमवार, मंगळवार, गुरुवार.
मला विचारशील तर गाव फुटांवर बसलंय.

कासचं पाणी यवतेश्वराच्या अंगानं येतं.
समर्थ मंदिरापाशी जरा टेकतं,
राजवाड्याशी येईतो त्याला जोर चढलेला असतो,
चौपाटीवरच्या भेळवाल्यांचे पिंप भरताना
ते कुणाला ओळख विचारत नाही.
उताराला ओळख लागत नाही.
चढायचं म्हटलं की मात्र
पाण्यालाही वशिला लागतो.

तो वशिला म्हणजे ही चावी.
सव्वाचार फूट. मूठ घासून घासून
माझ्या तळव्याची झालीय,
तुला आधी टोचेल.

बोगद्याकडचा व्हॉल्व्ह अकरा आटे. बारावा देऊ नकोस,
एकदा दिला होता, मंगळवार तळ्याच्या कडेला पाइप फुटला.
बायका आल्या, मला नावं ठेवली,
नि हंडे भरून गेल्या.
चिमणपुऱ्यात बाकरे मास्तर घड्याळ घेऊन दारात बसतात,
आधी नमस्कार, मग आटा.
यादोगोपाळ पेठेतल्या लोखंडी झाकणाखाली एक बेडूक आहे.
राहू दे. त्याची नोकरी माझ्यापेक्षा जुनी.

माझं घर चार भिंतीच्या रस्त्याला, शेवटच्या वळणावर,
जिथं नळ आधी खोकतो,
मग थुंकतो,
मग गप्प.
एकतीस वर्षं गावाला पाणी सोडलं
नि अनसूया खालच्या आळीतून घागरी चढवत राहिली.
लोक काय म्हणतील, एवढंच मी म्हणायचो.
ती म्हणायची, लोक झोपलेत.

एकदाच. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात,
सात मिनिटं जास्त.
सकाळी किर्दतवहिनी सांगत आल्या,
आज नळाला झालंय तरी काय हो?
अनसूया माझ्याकडं बघत होती,
मी चहाकडं.
रजिस्टरात नोंद नाही. तूही करू नकोस.

चल, पाच वाजून गेले.
माहुलीकडं, संगमाच्या अंगाला, फटफटतंय.
उजेडही इथं वरूनच सुटतो:
आधी मनोरा, मग तटबंदी,
मग आमचं वळण,
पोवई नाक्याला नंतर.
तेवढं एक आम्हाला आधी मिळतं.

वाक आता. कान लाव लोखंडाला.
ही हवा.
थांब.
अजून हवाच.