प्रश्न क्रमांक सतरा

मानखुर्द, इमारत अठ्ठावीस, सहावा मजला, लिफ्ट बंद.
टॅबमध्ये प्रश्न क्रमांक सतरा:
शेजाऱ्यांवर तुमचा विश्वास किती?
एक ते पाच.

यमुना घोक्षे म्हणाल्या, कुठल्या शेजाऱ्यांवर?
इथल्या की मिठीकाठच्या?

तिथं कुलूप माझं, किल्ली नफीसाकडे.
भिशीही तिच्याचकडे, वही नाही, सगळं तोंडी,
अकरा वर्षांत रुपया इकडचा तिकडे झाला नाही.
धाकटीच्या वेळी रात्री दोनला कळा सुटल्या,
रिक्षा कुणाची, पैसे कुणाचे,
थोरला कुणाच्या कुशीत निजला,
आजवर ठाऊक नाही मला.

मग सोडत निघाली.
नफीसा वाशीनाक्याला, आम्ही इथं.
पक्की भिंत, घरात नळ.
चांगलं आहे हो घर. लिहा, चांगलं आहे.

आणि किल्ली? मी विचारलं. प्रश्नावलीत नव्हतं हे.
त्यांनी कमरेला हात लावला.

ऑफिसात आम्ही याला भांडवल म्हणतो, सामाजिक.
निर्देशांक काढतो, वॉर्डांना रंग देतो,
फिकट पिवळा म्हणजे कमी.
साहेबांना हवं असतं, वाढवायला दरडोई खर्च किती.
मोडायला किती आला, हा रकाना
कुणी मागितलाच नाही. मीही नाही.

खालून हाक आली, टँकर!
जरा बसाल? दूध ठेवलंय,
म्हणत दोन हंडे घेऊन त्या जिना उतरल्याही.
नाव तरी कुठं विचारलं होतं माझं.

टॅबवर सतरा अजून कोरा.
स्क्रीन विझली.
दूध वर येऊ लागलं,
मी उठून गॅस बारीक केला.